जूनमध्ये बास घेत नसेल तर प्लॅस्टिकचं गांडूळ कसं ओढावं

प्रश्न: डॅलसच्या उत्तरेला राहतो. वसाहतीमागे तीन-चार एकरांचं तळं आहे. मध्ये कारंजं, एका बाजूला मातीचा बांध, दोन लाकडी धक्के. टेक्सास रिगवर (पुढे वजन आणि गळाचं टोक प्लॅस्टिकमध्ये लपवलेलं, अशी जुळणी) ७ इंची प्लॅस्टिक वर्म, म्हणजे गांडूळ, लावून काठावरून लांब टाकतो, तळाला बसू देतो, रॉडचं टोक उचलून थोडं ओढतो, मग ढिली दोरी गुंडाळतो. मार्च-एप्रिलमध्ये बास मासे मिळत होते, जून लागल्यापासून साधा ठोकाही नाही. तीन रंगांची पाकिटं आणून झाली. आता गांडूळच बदलू की ओढण्याची काही वेगळी रीत आहे?

उत्तर: रंगांवर आणखी पैसे घालू नका. तुमचं गांडूळ उत्तम आहे, रिगही उत्तम आहे. उचल-सोड-गुंडाळ ही रीत जगभर चालते. अडचण इतकीच की त्या तळ्यावर येणारा प्रत्येक जण तीच वापरतो, आणि जूनमध्ये मासा जिथे असतो तिथे ती पोचत नाही.

आधी मासा कुठे आहे ते बघू. वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सियसच्या आसपास आलं की लार्जमाउथ बास अंडी घालायला काठाजवळच्या उथळ, कठीण तळावर येतो. नर घरटं राखत बसतो, आणि तळावरून सरपटत येणारी कुठलीही वस्तू त्याला खपत नाही. तुमचं गांडूळ नेमकं त्याच्या समोरून जात होतं. जूनमध्ये वरचं पाणी दुपारी ३० अंशांच्या घरात जातं. तळं ८-१० फुटांहून खोल असेल तर गरम पाणी वर, गार पाणी खाली असे दोन थर पडतात, आणि वाऱ्याला ते एकत्र ढवळता येत नाहीत. खालच्या थरात कुजणारा पालापाचोळा प्राणवायू खाऊन टाकतो. तिथे बासला राहताच येत नाही. मधलं कारंजं नुसतं शोभेचं असेल तर ते वरचंच पाणी वर उडवतं. तळाशी हवा सोडणारी नळी टाकलेली असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे तळ्याच्या मध्यावर लांब फेकून, तळाला बसेपर्यंत थांबून तुम्ही ओढायला लागता तेव्हा सुरुवातीची सगळी ओढ रिकाम्या पाण्यातून असते. उरलेला काठाकडचा तळ एव्हाना शेवाळानं माखलेला असतो, आणि गांडूळ त्यात गडप होतं. गुंडाळून वर आणल्यावर गळाला हिरवा गुंता येत असेल, तर माशानं ते पाहिलंच नाही असं धरून चाला.

तेव्हा गांडूळ तळावरून उचलायचं, सावलीत थांबवायचं आणि त्याची चाल बदलायची. या तिन्ही गोष्टी दोरीत किती ढील आहे यावर ठरतात. पुढे सांगितलेल्या सगळ्या रीती ऐकायला वेगवेगळ्या वाटतील, पण हाताला शिकायची गोष्ट एकच आहे: दोरी कधी ताणायची आणि कधी सोडायची.

प्लॅस्टिकच्या गांडुळाला स्वतःची हालचाल नसते, वास तर नावापुरता. कोकणात खाडीवर जिवंत कोळंबी लावून गरवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे अर्धं काम कोळंबीच करते. १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निक क्रीम आणि त्यांची बायको कॉस्मा यांनी मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ साच्यात ओतून विकायला काढलं. पुढे त्यांचा धंदा आपल्या टेक्सासातल्या टायलरला आला. तेव्हापासून गांडुळं हजार आकारांत निघाली, पण त्यांना जीव येतो तो वजन, शेपटीचा आकार आणि दोरी यांतूनच. पहिल्या दोन गोष्टी दुकानात ठरतात, तिसरी मनगटात.

हे डोळ्यांनी बघा, दहा मिनिटांचं काम आहे. धक्क्यावर उभे राहा, तळ दिसेल अशा दोन-अडीच फूट पाण्यात पाव औंसाच्या वजनासह गांडूळ सोडा. दोरी ताणून धरा आणि रॉडचं टोक हलवा. गांडूळ वजनामागून सरळ घसटत येतं. पाहून कुणालाही भूक लागणार नाही. आता टोक वीतभर खाली आणा, म्हणजे दोरी थोडी लोंबेल. मनगट तसंच हलवा, पण इतकंच की लोंबती दोरी उडेल आणि पूर्ण ताणली जायच्या आत परत पडेल. पतंगाला ठुमके देताना मांजा क्षणभर ताणतो आणि सुटतो, तेवढाच हात. वजन जागचं हलत नाही, जागच्या जागी नाक आपटतं, मातीचा बारीक ढग उठतो. मागचं सहा इंच अंग मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरत राहतं. तुम्ही थांबलात तरी शेपटीचं टोक क्षणभर हलतच असतं. बरेच बास या थांबण्याच्या क्षणी घेतात.

ढिलीचा दुसरा फायदा माशाच्या तोंडाशी आहे. बास आमिषाला चावत नाही, ते आत ओढतो. तोंड आणि कल्ले एकदम उघडले की पाणी आत घुसतं आणि पाण्याबरोबर गांडूळही. दोरी ताठ असेल तर गांडूळ मोकळेपणी आत जात नाही; अर्धवट जातं, त्याला काहीतरी कडक लागतं आणि तो थुंकून टाकतो. तुम्हाला एक ‘टक’ जाणवतं आणि गळ रिकामा येतो. दोरीत हातभर ढील असेल तर गांडूळ टाळूपर्यंत जातं.

आता रीती. त्यातली माझ्या सगळ्यात आवडीची, आणि तुमच्या तळ्याला सगळ्यात लागू पडणारी, ती लटकवण्याची. पाण्यावर झुकलेली फांदी, बुडालेलं खोड, धक्क्याची आडवी तुळई, काहीही चालतं. अशा जागी लोक गांडूळ फांदीच्या शेजारी टाकतात, दोरी अडकेल म्हणून. तुम्ही मुद्दाम फांदीवरून पलीकडे टाका. टेक्सास रिगमध्ये गळाचं टोक प्लॅस्टिकमध्ये लपलेलं असतं, सहसा अडकत नाही. गांडूळ थोडं बुडू द्या, मग सावकाश गुंडाळत फांदीखाली आणा आणि वजन लाकडाला टेकायच्या आधी थांबा. आता दोरी फांदीवर टेकलेली आहे आणि गांडूळ तिच्याखाली उभं लोंबतंय. तिथे ते हवं तेवढा वेळ नाचवता येतं. एरवी प्रत्येक ओढीबरोबर ते तुमच्याकडे, म्हणजे सावलीतून उन्हात सरकतं. बास मात्र भर उन्हात सावलीची रेघ ओलांडायला नाखूश असतो.

आधी फूट-दीड फूट खोलीवर हलवा. काही झालं नाही तर वर घेत घेत पृष्ठभागाला टेकवा आणि सोडा, टेकवा आणि सोडा. बारीक डुबुक होतं, वलयं उठतात, आणि फांदीवरून किडा पडला म्हणून आधी ब्लूगिल हे छोटे मासे येतात. ते शेपटीला भराभर टोचे मारतात. नवखा माणूस इथे हिसके मारून हैराण होतो. तुम्ही काही करू नका, त्यांना खेळू द्या. हे टोचे एकाएकी बंद झाले तर मात्र दोन्ही हात रॉडवर घ्या. खालून मोठा कुणीतरी आला म्हणून ते पांगलेले असतात.

मासा लागल्यावर फांदीचा हिशेब चुकवावा लागतोच. हिसका वरच्या दिशेनं मारा आणि मासा लाकडावरून अलीकडे येईपर्यंत गुंडाळणं थांबवू नका. यासाठी पुष्कळ जण ५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घालतात. ती तुटत नाही हे खरं, पण ओल्या लाकडात चिरत जाऊन रुतते. फांदीसाठी मला १७ ते २० पौंडी फ्लुरोकार्बनची एकसंध दोरी किंवा साधं जाड तंगूस बरं वाटतं, ते लाकडावरून सरकतं. मासा फांदीला वेढा घालून अडकला तर ओढाओढ करू नका. दोरी एकदम सोडून द्या आणि मिनिटभर थांबा. ओढ सुटली की तो पुष्कळदा आला त्या वाटेनं परत पोहतो.

दुसरी रीत याच्या अगदी उलट्या टोकाची: न थांबता, भरभर गुंडाळणं. गांडूळ म्हणजे सावकाश ओढायची वस्तू, असं आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. फ्लोरिडात किसिमी, ओकिचोबी अशा उथळ, गवतानं भरलेल्या पाण्यावर लोक ते सरळ पृष्ठभागाखालून पळवतात. त्यासाठी शेपूट वल्ह्याच्या आकाराची किंवा विळ्याच्या आकाराची लागते, सरळ शेपटीचं गांडूळ इथे निरुपयोगी. वजन हलकं, औंसाचा आठवा हिस्सा, आणि ते गांडुळाच्या डोक्याला घट्ट हवं. दुकानात त्यासाठी रबरी खुंट्या मिळतात, पण वजनाच्या भोकात टूथपिकचं टोक खुपसून मोडलं तरी तेच काम होतं. रॉडचं टोक वर धरून गुंडाळायला लागा. शेपूट पाणी फडफडवते आणि ते कंपन बास अंगावरच्या संवेदी रेषेनं टिपतो, त्याला गांडूळ दिसायचीही गरज पडत नाही. गवतात मोकळं भगदाड आलं की गुंडाळणं थांबवा, गांडूळ त्यात नाकावर पडू द्या, दोन अंक मोजा, पुन्हा पळवा. तुमच्या तळ्यात काठाला गवताचा पट्टा असेल तर उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत हेच करा.

इथे हात आवरावा लागतो. मागे पाण्यात उसळी दिसते, खळबळ होते, आणि माणूस बघून हिसका मारतो. उसळी दिसली म्हणजे गांडूळ तोंडात गेलं असं नाही. वजन हाताला जाणवेपर्यंत गुंडाळत राहा आणि मग रॉड बाजूला ओढा.

बिनवजनाचं गांडूळ पाण्याच्या वरच्या थरात झटके देत आणणं ही दक्षिण-पूर्वेकडच्या राज्यांतली जुनी वसंतातली रीत आहे. नुसता गळ, वजन काही नाही, सरळ शेपटीचं ६ ते ७ इंची गांडूळ. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायचं, दोन छोटे झटके द्यायचे, ढील द्यायची, थांबायचं. गांडूळ डावी-उजवीकडे मान टाकत येतं आणि थांबलं की हळूच बुडायला लागतं. यासाठी लोक चक्क बबलगमच्या गुलाबी किंवा पिवळ्याधमक रंगाचं गांडूळ लावतात. पाहणारा हसतो, पण तो रंग माणसासाठी आहे: गांडूळ पाण्यात दिसत राहतं, आणि दिसेनासं झालं की मासा लागला. ठोका जाणवायची वाट बघावी लागत नाही. एक काळजी घ्या. झटक्यांनी गांडूळ फिरतं आणि दोरीला पीळ पडतो, म्हणून गळाच्या फूट-दीड फूट आधी छोटी फिरकी बांधा. जूनमध्ये ही रीत दिवसभर चालत नाही. पहाटे आणि ढगाळ सकाळी धक्क्याच्या सावलीत चालते.

आता काहीच न करण्याची रीत. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्गचे चार्ली ब्रूअर यांनी सत्तरच्या दशकात ४ इंची बारीक गांडूळ आणि छोट्या चपट्या वजनी डोक्याचा गळ घेऊन हेच शिकवलं: टाका, बुडू द्या आणि एकसारख्या संथ गतीनं गुंडाळा. रॉड हलवायचा नाही, मधे थांबायचं नाही, टोकाला थरथर नको. अ‍ॅलाबामाचे जॅक चॅन्सलर यांनी आपल्या छोट्या गांडुळाचं नावच ‘डू-नथिंग’ ठेवलं होतं, आणि १९८५ मध्ये आर्कान्सा नदीवर बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा त्यांनी जिंकली. त्यांची जुळणी वेगळी होती: जड वजन पुढे, मग काही फूट मोकळी दोरी आणि तिच्या टोकाला गांडूळ. वजन तळावरून घासत जातं, गांडूळ मागून वर तरंगत येतं. छोट्या माशांची झुंड पाण्यातून जाते तेव्हा एकेक मासा काही नाचत नसतो, सरळ पोहत असतो. बास रोज तेच खातो. तरीही ही रीत शिकवायला सगळ्यांत अवघड. हातात रॉड आला की माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे गांडूळ टाकून नुसतं सोडून देणं. यासाठी मिठानं जड केलेलं जाड, सरळ गांडूळ हवं. गॅरी यामामोटो यांचा नव्वदच्या दशकातला सेंको हा त्यातला मूळ पुरुष, आता प्रत्येक कंपनीचा आपापला आहे. मधोमध गळ टोचला की त्याला वॅकी रिग म्हणतात. बिनवजनाचं सोडलं की ते आडवं राहून, दोन्ही टोकं थरथरवत खाली जातं. ही थरथर फक्त ढिल्या दोरीवर मिळते. दोरी ताणलेली असेल तर गांडूळ तुमच्याकडे झोका घेत येतं आणि टोकं थिजतात. म्हणून टाकल्यावर लगेच हातानं दोन-तीन हात दोरी ओढून पाण्यावर टाका आणि फक्त तिच्याकडे बघत राहा. तळाला गेलं तरी लगेच उचलू नका. मनात तीसपर्यंत मोजा. वारा असेल तर तो पाण्यावरच्या दोरीला बाक देतो आणि तुमच्याऐवजी गांडूळ सरकवतो, तुमच्या हातापेक्षा मऊपणे. मध्ये टोचल्यानं गांडुळं भराभर फाटतात. गळ त्यात खुपसण्याऐवजी गांडुळावर रबरी कडं चढवून त्याखालून घाला, एक गांडूळ चांगलं दोन-चार माशांपर्यंत पुरतं.

या सोडून देण्याच्या रीतीची एक खोट आहे. मासा गांडूळ घेऊन शांतपणे उभा राहतो, तुम्हाला पत्ता नसतो, आणि तोवर गळ पार घशात गेलेला असतो. पकडून परत सोडायचं असेल तर हे माशाच्या जिवावर बेततं. गळाचा काटा पक्कडीनं चेपून टाका, दोरी तर्जनीवरून जाऊ द्या आणि मिनिटभर तिकडे न बघता मोबाइल चाळायचा असेल तर दुसरी कुठलीही रीत वापरा.

तुमच्या दोन धक्क्यांसाठी एक खास चाल. सावलीतला मासा धक्क्याच्या अगदी आतल्या बाजूला असतो, आणि तिथे गांडूळ पाण्यावरून टप्पे खात पाठवणं सगळ्यांना जमत नाही. त्याऐवजी जाड सरळ गांडुळाच्या शेपटीत खिळ्याच्या आकाराचं छोटं वजन खुपसा, औंसाचा सोळावा किंवा बत्तिसावा भाग. गळ नेहमीसारखा डोक्याच्या बाजूला, बाहेरून वजन नाही. धक्क्याच्या कडेला, त्याच्या पुढ्यात टाका आणि दोरी पूर्ण सोडून द्या. जड शेपूट आता पुढे आणि खाली झुकते, आणि गांडूळ तुमच्यापासून दूर, धक्क्याच्या पोटाखाली घसरत जातं. तुमच्यापासून दूर जाणारं आमिष त्या तळ्यातल्या माशानं बहुधा पाहिलेलंच नसतं. दोरी जराही अडली तर घसरण थांबते, म्हणून रीलचा आडवा आकडा (दोरी अडवणारी तार) उघडा ठेवा आणि हातानं दोरी सोडत राहा. पाण्यावर पडलेल्या दोरीची गुंडाळी एकदम सरळ व्हायला लागली, की आकडा बंद करून गुंडाळा.

काठावरून गरवणाऱ्याची आणखी एक अडचण असते, तिकडे फार कुणी लक्ष देत नाही. आपण नेहमी खोल पाण्यातून उथळाकडे, म्हणजे चढावर ओढतो. गांडूळ प्रत्येक खेपेला काठाला आडवं छेदून येतं आणि जिथे मासा आहे त्या पट्ट्यात जेमतेम काही क्षण राहतं. त्यावर उपाय म्हणजे चालणं. बांधावर उभे राहून काठाला समांतर, पाण्याच्या कडेपासून सात-आठ फुटांवर टाका. गांडूळ बसलं की रील न फिरवता रॉड पाण्याकडे धरून काठानं सावकाश चालायला लागा. चार पावलं, थांबा, ढील देऊन थरथरवा, पुन्हा चार पावलं. गांडूळ सगळा वेळ एकाच खोलीवरून जातं. होडीतले लोक मोटर संथ ठेवून मागे ओढत नेतात, त्याचीच ही पायी आवृत्ती. मातीच्या बांधाचा उतार सरळ असतो, दगडगोटे असतात, त्यामुळे ही रीत तिथे फार छान बसते. फक्त पायाकडे लक्ष असू द्या. टेक्सासातल्या तळ्यांच्या काठी गवतात कॉटनमाउथ साप असतो, तो विषारी आहे आणि माणूस बघून हटेलच असं नाही. लाल मुंग्यांची वारुळं तर आहेतच.

दोन रीती तुमच्या तळ्याच्या नाहीत, पण मोठ्या पाण्यावर जाल तेव्हा लागतील म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियातल्या खोल, नितळ जलाशयांवर डॉन आयोविनो यांनी ‘डूडलिंग’ नावाची रीत रुजवली: ४ इंची गांडूळ, त्याच्यापुढे काचेचा मणी आणि पितळेचं वजन, होडीच्या खाली २०-३० फुटांवर सोडून रॉडचं टोक सतत बारीक थरथरवायचं. मणी आणि पितळ एकमेकांवर वाजत राहतात. ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिससारख्या खडकाळ, स्वच्छ पाण्यावर ही करून बघण्यासारखी आहे. दुसरी रीत टेनेसी नदीच्या जलाशयांतली, टेक्सासातल्या लेक फोर्कलाही चालणारी: १० इंची गांडूळ, अर्धा ते पाऊण औंस वजन, खोल उतारावर टाकायचं आणि तळाला लागलं की रॉड पाण्याच्या पातळीपासून डोक्यापर्यंत जोरात खेचायचा. गांडूळ एकदम पाच-सहा फूट उसळतं आणि मग पडू लागतं. पडताना दोरी अर्धी ढिली, अर्धी हातात. मासा पडतानाच घेतो, आणि पुढची खेच मारायला जाल तेव्हा तो आधीच लागलेला असतो. उन्हाळ्यात खोल पाण्यात झुंडीनं सुस्त उभे असलेले बास अशा खेचेनं चाळवतात, आणि एकानं घेतलं की बाकीचेही घ्यायला लागतात.

हिसक्याबद्दल एक गोष्ट, कारण ढिल्या दोरीवर गरवणाऱ्याचे मासे इथे सुटतात. ठोका जाणवेलच असं गृहीत धरू नका. दोरी बाजूला सरकते, पडता पडता मध्येच थांबते, किंवा वजन अचानक नाहीसं झाल्यासारखं वाटतं, कारण मासा तुमच्याकडे पोहत येतोय. यातलं काहीही दिसलं तर रॉडचं टोक खाली करा, ढील भराभर गुंडाळा, आणि दोरी ताठ झाल्या क्षणी हिसका द्या. ढिल्या दोरीवर मारलेला हिसका दोरीतच जिरतो. टेक्सास रिगला हिसका सणसणीत हवा, कारण गळाला आधी प्लॅस्टिकमधून बाहेर यायचं असतं. वॅकीमध्ये गळ उघडा असतो. तिथे नुसतं जोरात गुंडाळून रॉड बाजूला वळवला तरी पुरतं, झटका दिला तर गांडूळ फाटून हवेत उडतं.

तुमच्या तळ्यावर मी जूनची एखादी सकाळ अशी घालवीन. उजाडता उजाडता गवताच्या पट्ट्यावरून पळवणं, गवत नसेल तर गुलाबी गांडूळ बिनवजनाचं. ऊन पाण्यावर आलं की दोन्ही धक्क्यांखाली शेपटीत वजन घातलेलं गांडूळ, आणि झुकलेलं एखादं झाड असेल तर त्याला पुरेसा वेळ. नऊच्या पुढे वारा सुटला असेल तर ज्या काठाला वारा लागतोय तिथे वॅकी सोडून देणं, नसेल तर बांधावरून चालत ओढणं. मध्यावर लांब फेकण्याचा मोह आवरा. ज्या जागी एक मासा मिळाला तिथे लगेच तीच रीत पुन्हा लावण्याऐवजी दुसरी लावून बघा. शेजारी उभ्या असलेल्या माशानं पहिला प्रकार नुकताच पाहिलेला असतो.

यासाठी नवीन खरेदी फार नाही. सरळ शेपटीचं, वल्ह्याच्या शेपटीचं आणि मिठाचं जाड, अशी तीन पाकिटं. रंग एकच घ्या, ग्रीन पंपकिन, म्हणजे तपकिरी छटेचा हिरवा; गढूळ पाण्यासाठी काळा-निळा. गुलाबीचं एखादं पाकीट वेगळं. पाकिटं एकमेकांत मिसळू नका आणि गांडुळं ‘वर्मप्रूफ’ नसलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात सुटी टाकू नका. ती डब्याशी आणि एकमेकांशी वितळून चिकटतात, आणि टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत तर एका दुपारीत लगदा होतो. फाटलेली गांडुळं तळ्यात भिरकावू नका. बास ती गिळतात, पोटात ती फुगून घट्ट होतात आणि बाहेर पडत नाहीत. खिशात एक रिकामी पिशवी ठेवा.

आणि एवढ्या ठिकाणी लाकडावर, दगडावर घासल्यावर गळ बोथट होतो. दर थोड्या वेळानं त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून बघा. रुतलं तर ठीक, घसरलं तर लगेच बदला.